एडिथ नावाची बाई

एडिथ हजार वर्षांहून मोठी आहे आणि अजून तिच्या पाठीला बाक आलेला नाही. इंग्लंडातल्या बायकांच्या नावांचा गोतावळा पाहिला तर त्यात पाहुणी मंडळीच जास्त भेटतात. मेरी, एलिझाबेथ, ॲन या बायबलाचं बोट धरून आल्या. ॲलिस, मटिल्डा या नॉर्मन सरदारांच्या मागोमाग समुद्र ओलांडून आल्या. एडिथ मात्र तिथलीच. इंग्लंड हा एकसंध देश होण्याच्या आधीपासून ती तिथल्या राजघराण्यात वावरत होती. मागाहून आलेल्यांनी तिला एकदा घराबाहेर काढलं. ती गेली नाही. मागच्या अंगणात राहिली, आणि सात-आठशे वर्षांनी पुढच्या दारानं परत आली. तिची ही चिवट जात मला फार आवडते, म्हणून तिच्याविषयी लिहितो आहे.

तिचं जुनं नाव एआदग्यूथ. जुन्या इंग्लिश रिवाजात नाव दोन तुकडे जोडून करत. ‘एआद’ म्हणजे धन, भाग्य, भरभराट, आणि ‘ग्यूथ’ म्हणजे युद्ध. दोन्ही मिळून एखादं वाक्य तयार व्हावं असा त्या लोकांचा आग्रह नसे. नावाचा तुकडा ही घराण्याची खूण असे. एडवर्ड, एडमंड, एडगर, एडविन हे सगळे तिचे भाऊबंद, कारण पहिला तुकडा सगळ्यांचा एकच. पुढे बोलण्याच्या ओघात मधला ‘ग’ गळाला, शेवट आखडला आणि एडिथ उरली. पण मुलीच्या नावात लढाई घालताना त्या आईबापांना संकोच वाटला नाही, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. एडिथच्या स्वभावात पुढे जे दिसतं त्याची वर्दी त्यात आहे असं म्हणण्याचा मोह मला होतो. एरवी अर्थावरून माणूस ओळखण्यावर माझा विश्वास नाही.

तिचं सगळ्यात जुनं ठळक दर्शन होतं ते जर्मनीत. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याची ती नात. भाऊ ॲथेलस्टन गादीवर असताना जर्मन राजपुत्र ओटोसाठी मागणी आली. ॲथेलस्टननं एकीच्या जागी दोन बहिणी पाठवल्या आणि निवड त्याच्यावर सोडली. ओटोनं एडिथला निवडलं आणि माग्डेबर्ग हे गाव तिला लग्नाची भेट म्हणून दिलं. ९४६ साली ती वारली आणि त्याच गावात पुरली गेली. माग्डेबर्गच्या कॅथीड्रलमध्ये तिच्या नावाची कबर होती, पण ती सोळाव्या शतकातली, म्हणून आत काही नसेल असाच समज होता. २००८ साली ती उघडली तर आत शिशाची पेटी, आणि पेटीत रेशमात गुंडाळलेली हाडं. दात तपासायला इंग्लंडातल्या ब्रिस्टल विद्यापीठाकडे गेले. लहानपणी माणूस जे पाणी पितो, त्या पाण्याखालच्या खडकाची खूण दाताच्या लुकणात कायम राहते. वेसेक्सच्या चुनखडीच्या टेकड्यांची खूण या दातांत मिळाली. लग्न होऊन परमुलखात गेलेली, तिथंच राणी होऊन मेलेली बाई हजार वर्षांनीही दातांत माहेरचं पाणी धरून होती. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नव्हतो.

दुसरी एडिथ विल्टनच्या मठातली. राजा एडगरची मुलगी, तान्हेपणापासून जोगिणींत वाढलेली. हिच्या कहाण्या त्या काळच्या संतचरित्रांतल्या आहेत, तेव्हा त्यांतला चमत्काराचा भाग श्रद्धेचा. पण स्वभाव उघड दिसतो. ती मठात राहूनही उंची वस्त्रं घालायची. बिशप एथेलवोल्ड यांनी तिला टोकलं, तेव्हा ती म्हणाली की गर्व फाटक्या कपड्यांखालीही दडून बसू शकतो आणि देव कपडे पाहत नाही, मन पाहतो. बिशपांना उत्तर सुचलं नाही. तिला मोठमोठ्या मठांची प्रमुख करू पाहिलं, ते तिनं नाकारलं. ९८४ मध्ये तेविसाव्या वर्षी ती गेली, आणि लोकांनी तिला संत मानलं. पुढे क्नूट हा डॅनिश राजा इंग्लंडच्या गादीवर आला. त्यानं तिची टवाळी केली, एडगरसारख्या बाईलवेड्या राजाची पोर संत कसली म्हणून. त्यानं कबर उघडायला लावली. कथा सांगते की एडिथ उठून बसली आणि तिनं राजाला तडाखा दिला. ही कथा रचणाऱ्या इंग्लिश माणसांच्या मनात काय होतं ते कळायला अवघड नाही. देश परक्याच्या हाती गेला होता. राजाला तडाखा देण्याची ताकद त्यांच्या कोणाही जिवंत पुरुषात नव्हती, म्हणून त्यांनी ती मेलेल्या एडिथच्या हातात दिली.

मग १०६६ उजाडलं. त्या वर्षाच्या इंग्लंडचं चित्र काढायचं तर एडिथशिवाय ते पुरं होत नाही. जानेवारीत राजा एडवर्ड वारला. त्याची राणी एडिथ. तिचा भाऊ हॅरॉल्ड गादीवर बसला. वीसेक वर्षं हॅरॉल्डबरोबर राहिलेली सहचरी, त्याच्या मुलांची आई, तिचंही नाव एडिथ. लोक तिला ‘हंसग्रीवा एडिथ’ म्हणत. राजकारणासाठी हॅरॉल्डनं चर्चच्या रीतीनं जी दुसरी बायको केली ती एल्डग्यूथ, आणि इतिहासाची पुस्तकं तिलाही बरेचदा एडिथच म्हणतात. सप्टेंबरच्या अखेरीस स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईत राणी एडिथचा एक भाऊ टॉस्टिग दुसऱ्या भावाविरुद्ध लढताना पडला. तीन आठवडेही झाले नाहीत तोच हेस्टिंग्जला हॅरॉल्ड पडला, त्याच्याबरोबर गर्थ आणि लिओफवाइन हे आणखी दोघे भाऊ. एका शरद ऋतूत चार भाऊ. आणि वॉल्थमच्या मठात जपलेली परंपरा सांगते की रणांगणावर हॅरॉल्डचं प्रेत कोणाला ओळखू येईना इतकं छिन्नविच्छिन्न होतं. तेव्हा हंसग्रीवेला बोलावलं. जवळच्या माणसालाच ठाऊक असतील अशा खुणांवरून तिनं ते ओळखलं. जिच्याशी चर्चनं लग्न लावलं नव्हतं, तिलाच ही ओळख पटवावी लागली.

यानंतर जे घडलं ते मराठी वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही. १०८० च्या सुमारास स्कॉटलंडच्या राजाला मुलगी झाली. आई मार्गारेट जुन्या इंग्लिश राजवंशातली. मुलीचं नाव एडिथ ठेवलं. ती रॉम्सी आणि विल्टन इथल्या मठांत मावशी क्रिस्टिनाच्या हाताखाली वाढली. मावशी तिच्या डोक्यावर बळजबरीनं काळा बुरखा घाली, न घातला तर मारी. मावशीची पाठ वळली की एडिथ तो काढून जमिनीवर टाकी आणि पायाखाली तुडवी. हे तिनं स्वतः आर्चबिशप अन्सेल्म यांच्यापुढे सांगितलं, कारण तिला लग्न करायचं होतं आणि ती जोगीण झालेली नाही हे सिद्ध करायचं होतं. ते सिद्ध झालं. ११ नोव्हेंबर ११०० रोजी वेस्टमिन्स्टरला नॉर्मन राजा पहिला हेन्री याच्याशी तिचं लग्न लागलं. आणि नाव बदललं. एडिथची मटिल्डा झाली.

आपल्याकडे वरात दाराशी येते, नवी नवरी माप ओलांडते, लक्ष्मीपूजन होतं आणि ताटात पसरलेल्या तांदळात नवरा सोन्याच्या अंगठीनं तिचं नवं नाव लिहितो. यमुना आत गेली आणि आनंदी होऊन बाहेर आली, हे आपण आनंदीबाई जोश्यांच्या चरित्रात वाचलेलं आहे. तांदूळ पुढे डब्यात परत जातात. नाव मात्र परत येत नाही. वेस्टमिन्स्टरला तांदूळ नव्हते, पण गोष्ट तीच होती. नॉर्मन दरबारात इंग्लिश नाव म्हणजे हरलेल्यांचं, शेतात राबणाऱ्यांचं नाव. नाव बदलूनही सरदारांची तोंडं थांबली नाहीत. राजाराणीला ते पाठीमागे ‘गॉड्रिक आणि गॉडगिफू’ म्हणत, म्हणजे अगदी गावंढळ इंग्लिश नावांनी हिणवत. बुरखा पायाखाली तुडवणारी मुलगी नाव मात्र वाचवू शकली नाही. याचा दोष मी तिला देत नाही. राणी म्हणून तिनं चांगलं काम केलं. लंडनजवळ नदीवर कमानींचा पूल बांधवला, कुष्ठरोग्यांसाठी सेंट जाइल्सचं रुग्णालय काढलं, राजा परमुलखात असताना कारभार पाहिला. तिचा नातू दुसरा हेन्री पुढे राजा झाला, म्हणजे जुन्या इंग्लिश राजांचं रक्त तिच्यामुळे गादीवर परतलं. सरदारांना नाव खुपलं. रक्त त्यांना अडवता आलं नाही.

त्यानंतर दोनेक पिढ्यांत इंग्लंडची नावंच पालटली. शेतकऱ्यांच्या घरातही विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, ॲलिस. जुनी नावं शेकड्यांनी मेली. जी थोडी तगली ती संतांच्या आधारानं. एडवर्ड तगला, कारण राजा एडवर्ड संत ठरला होता. तिसऱ्या हेन्रीनं १२३९ साली आपल्या मुलाला त्याचंच नाव दिलं आणि तो राजघराण्यात परत आला. एडिथच्या नशिबी असा राजवाड्यातला पाठीराखा आला नाही. तिला विल्टनच्या त्या तेवीस वर्षांच्या मुलीचा आधार होता. खेड्यापाड्यांत, चर्चच्या नोंदवह्यांत ती अधूनमधून दिसत राहिली. या सहा-सातशे वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ती होती, एवढंच.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना आपल्या जुन्या इतिहासाचं वेड लागलं. वॉल्टर स्कॉट यांनी आपल्या कादंबऱ्यांत दोनदा नायिकेचं नाव एडिथ ठेवलं. डिकन्स यांच्या ‘डॉम्बी अँड सन’ मधली मानी, जळत्या मनाची दुसरी बायको एडिथ. अमेरिकेत कवी लाँगफेलो यांच्या मुलीचं नाव एडिथ. शतकाच्या उत्तरार्धात तर इंग्लंड-अमेरिकेत घरोघरी पाळण्यात एडिथ दिसू लागली. या मुली मोठ्या झाल्या तेव्हा काळही असा होता की शिकायचं, लिहायचं, मत द्यायचं तर बाईला प्रत्येक दार ठोठवावं लागे. मागच्या अंगणात इतकी शतकं काढलेल्या नावाला दार ठोठवण्याची सवय होतीच. ‘द एज ऑफ इनोसन्स’ लिहिणाऱ्या एडिथ व्हॉर्टन यांना १९२१ साली कादंबरीचं पुलित्झर मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ‘द रेल्वे चिल्ड्रन’ लिहिणाऱ्या एडिथ नेस्बिट पुस्तकावर नुसतं ‘ई. नेस्बिट’ छापत, आणि अनेक वाचकांना लेखक पुरुष वाटे. एडिथ गॅरड तर जेमतेम पाच फुटांच्या. मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायकांना त्या लंडनमध्ये जुजुत्सू शिकवत, पोलिसांच्या हातून सुटता यावं म्हणून. ‘ग्यूथ’ चा मूळ अर्थ त्यांना ठाऊक होता की नाही, त्यानं काही फरक पडत नाही.

यातली आपली एडिथ कोणती, तर एडिथ पीची.

आपली म्हणतो ते उगाच नाही. जन्म १८४५, एसेक्स परगण्यातल्या लँगहॅमचा. वडील बाप्टिस्ट पाद्री, आई ग्रीक जाणणारी. पूर्ण नाव मेरी एडिथ, पण तिनं स्वतःसाठी निवडलं ते एडिथ. १८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक यांच्यासोबत एडिनबरा विद्यापीठात वैद्यक शिकायला गेलेल्या सात बायकांपैकी ती एक. रसायनशास्त्राच्या परीक्षेत पहिल्यांदा बसलेल्यांत तिला सर्वांत जास्त गुण पडले. त्या गुणांना होप शिष्यवृत्ती ठरलेली होती. ती तिच्या खालच्या पुरुष विद्यार्थ्याला देण्यात आली. कारण ती बाई. १८७० च्या नोव्हेंबरात या बायका शरीरशास्त्राच्या परीक्षेला निघाल्या, तेव्हा सर्जन्स हॉलच्या फाटकाशी जमावानं त्यांच्यावर चिखल आणि शिव्या फेकल्या. शेवटी विद्यापीठानं पदवी नाकारलीच. पीचीनं स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जाऊन १८७७ साली एम.डी. घेतली, डब्लिनमधून परवाना घेतला आणि लीड्सला दवाखाना थाटला.

इकडे मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज हा अमेरिकन व्यापारी बायकांसाठी बायकाच डॉक्टर हव्यात म्हणून पैसा उभा करत होते. पुरुष डॉक्टरला हात लावू देण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका तेव्हा घरोघर होत्या. पेस्तनजी होरमसजी कामांनी रुग्णालयासाठी देणगी दिली. पीचीबाई १८८३ च्या अखेरीस मुंबईत उतरल्या. १८८६ साली कामा रुग्णालय सुरू झालं आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. बाई डॉक्टरांना पुरुषांइतकाच पगार हवा, हे त्या तेव्हा सांगत होत्या. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर त्यांची निवड झाली. ज्या एडिनबरानं पदवी दिली नाही, त्या एडिनबराला मुंबईनं दिलेलं हे उत्तर मला आजही अभिमानाचं वाटतं.

याच वेळी शहरात रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली मुलगी नवऱ्याकडे नांदायला नकार देते, नवरा १८८४ मध्ये कोर्टात जातो, आणि १८८७ मध्ये निकाल लागतो की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. त्याआधी ‘टाइम्स ऑफ इंडिया’ मध्ये बालविवाहावर ज्या पत्रांनी खळबळ उडवली ती त्यांनीच लिहिली होती, पण खाली नाव नव्हतं, नुसतं ‘एक हिंदू स्त्री’. १८८८ मध्ये पैशाच्या तडजोडीनं प्रकरण मिटलं. आता पुढे काय, हा प्रश्न होता. पीचीबाई पाठीशी उभ्या राहिल्या. डॉक्टर हो म्हणाल्या, निधी जमवायला मदत केली, आणि १८८९ साली रखमाबाई लंडनला वैद्यक शिकायला गेल्या. परत येऊन त्यांनी सुरतेत आणि राजकोटात वर्षानुवर्षं काम केलं. बिननावाच्या पत्रांमागची ती बाई अखेर स्वतःच्या नावानं डॉक्टर रखमाबाई झाली. त्यात एडिथचा वाटा आहे.

त्याच १८८९ साली पीचीबाईंचं लग्न झालं. नवरा हर्बर्ट फिप्सन, मुंबईतला व्यापारी, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या उभारणीतला माणूस. लग्नानंतर त्या फिप्सनबाई झाल्या नाहीत. दोन्ही आडनावं जोडून पीची-फिप्सन झाल्या. एडिथ जागची हलली नाही. ११०० साली वेस्टमिन्स्टरला जे सुटलं ते मुंबईत धरून ठेवलं गेलं, असं मी मानतो. नाशिकजवळ बायकामुलांसाठी आरोग्यधाम काढलं त्याचंही नाव पीची-फिप्सन, आणि ते १९६४ पर्यंत चाललं. इंग्लंडला परतल्यावर १९०७ च्या फेब्रुवारीत मतहक्कासाठी बायकांचा पहिला मोठा मोर्चा लंडनच्या चिखलातून निघाला, तेव्हा त्या पुढच्या रांगेत होत्या. पुढच्या वर्षी कर्करोगानं गेल्या. मुंबईत राहणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे, कोण जाणे. पण आझाद मैदानाशेजारच्या कामा रुग्णालयात जन्मलेल्यांची मोजदाद कोण करणार?

एडिथला जगभर नेलं ते मात्र दुसऱ्या एका बाईनं, मरून. नॉरफकमधल्या स्वार्डस्टन गावच्या पाद्र्याची मुलगी एडिथ कॅव्हेल. लंडनला नर्सिंग शिकली आणि १९०७ मध्ये ब्रसेल्सला परिचारिकांच्या नव्या शाळेची प्रमुख झाली. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियम घेतलं तरी ती हलली नाही. जर्मन जखमींचीही सेवा केली, आणि मागे अडकलेल्या दोस्त सैनिकांना तळघरांतून, बागांतून हॉलंडच्या सीमेकडे पोहोचवत राहिली. सुमारे दोनशे जण असे सुटले. पकडल्यावर तिनं काहीच नाकारलं नाही. १२ ऑक्टोबर १९१५ ला पहाटे तिला गोळ्या घातल्या. आदल्या रात्री भेटायला आलेल्या पाद्र्याला तिनं सांगितलं की नुसती देशभक्ती पुरेशी नाही, माझ्या मनात कोणाबद्दल द्वेष वा कडवटपणा असता कामा नये. दुसऱ्या दिवसापासून तिच्या देशानं तिच्या चित्रांवर नेमका द्वेष पेटवला. भरतीच्या पत्रकांवर ती कोवळी तरुणी होऊन जमिनीवर पडलेली दिसू लागली. खरी कॅव्हेल एकोणपन्नास वर्षांची, शिस्तीची, अबोल बाई होती. लंडनला ट्राफल्गार चौकाजवळ १९२० मध्ये तिचा पुतळा उभा राहिला, आणि तिचे ते शब्द त्यावर कोरायला १९२४ उजाडावं लागलं. चार वर्षं देशाला ते शब्द जड गेले असावेत.

पण नाव पसरलं. रस्त्यांना, शाळांना, दवाखान्यांना. कॅनडात जॅस्परजवळच्या बर्फाच्या शिखराला. मॉरिशसच्या पोर्ट लुईमध्ये एडिथ कॅव्हेल मार्ग आहे, आणि त्या बेटावर मराठी घरंही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सगळ्यात जास्त ते पाळण्यात पसरलं. तिला गोळ्या घातल्यावर दोन महिन्यांनी पॅरिसच्या बेलव्हिल भागातल्या एका कसरतपटूच्या घरी मुलगी झाली, तिचं नाव ब्रसेल्सच्या त्या नर्सवरून एडिथ ठेवलं. फ्रेंच तोंडात ती ‘एदीत’ झाली. रस्त्यावर गाणी म्हणत वाढलेली ही मुलगी म्हणजे एदीत पियाफ. ज्या नॉर्मन लोकांनी फ्रेंच बोलत येऊन एडिथला दाराबाहेर काढलं, त्याच फ्रेंच भाषेनं विसाव्या शतकात तिला आपला सगळ्यात ओळखीचा आवाज केलं.

आणखी एक एडिथ सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एडिथ श्टाइन, जन्म १२ ऑक्टोबर १८९१, ब्रेस्लाऊच्या ज्यू घरातला. तत्त्वज्ञ हुसेर्ल यांच्या हाताखाली तिनं दुसऱ्याचं दुःख आपल्याला कसं कळतं या विषयावर प्रबंध लिहिला. पुढे कॅथलिक झाली, कार्मेल संघात जोगीण झाली आणि तिथं नवं नाव घेतलं, तेरेसा बेनेदिक्ता. हे नाव तिनं स्वखुशीनं घेतलं होतं, तेव्हा त्याची तुलना मटिल्डाशी करणार नाही. ९ ऑगस्ट १९४२ ला आउश्विट्झमध्ये तिला मारलं, ती ज्यू म्हणून. १९९८ मध्ये चर्चनं तिला संत म्हणून घोषित केलं ते तेरेसा बेनेदिक्ता या नावानं. जग मात्र तिला आजही एडिथ श्टाइनच म्हणतं. मरणाआधीची तीनेक वर्षं जिथं तिला आसरा होता त्या हॉलंडमध्येच आणखी एक एडिथ लपून राहत होती, दोन मुलींना घेऊन. जानेवारी १९४५ मध्ये तीही आउश्विट्झमध्येच गेली. तिच्या धाकट्या मुलीची, ॲनची, रोजनिशी सगळ्यांनी वाचलेली असते. त्यात आईवर राग बराच आहे. एडिथ फ्रँक यांची बाजू मांडणारी रोजनिशी कोणी लिहिली नाही.

नावालाही म्हातारपण येतं. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात एडिथ म्हटलं की लोकांना आजी आठवू लागली, आणि नव्या मुलींना ते नाव मिळेना. आपल्याकडे वांद्रे, माझगाव, वसई इथल्या जुन्या ख्रिस्ती घरांत एडिथ आँटी, एडिथ आजी ओळखीच्या होत्या, गोव्यात पोर्तुगीज वळणानं तीच ‘एदित’. त्यांच्या नाती वेगळ्या नावांच्या झाल्या. पण गेल्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये ही बाई पुन्हा पाळण्यात दिसते आहे. पणजीचं नाव पणतीला देण्याची हौस तिथं परत आली आहे, आणि त्या हौसेत एडिथचा नंबर बराच वर लागतो.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळची कोण, असं विचारलं तर मी पीचीबाईंचं नाव घेईन. कॅव्हेलचा पुतळा आहे, पियाफची गाणी आहेत. पीचीबाईंकडे आहे तो आपला एक दवाखाना आणि आपली एक रखमाबाई. मुंबईनं त्यांचं नाव निदान कामा रुग्णालयाच्या दारात ठळक अक्षरांत लिहावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात आजी, पणजी, आत्या, मावशी यांच्यापैकी जी कोणी हयात असेल तिला तिचं माहेरचं नाव विचारा, तिच्या आईचंही विचारा, आणि वंशावळीच्या वहीत ते तिच्या सासरच्या नावाशेजारी लिहून ठेवा. सांगणारं माणूस आहे तोवर विचारा.